जरीकाठाचा हत्ती

घरातला जुना अल्बम कधी तरी काढून पाहावा. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले, एका रोलमध्ये बाराच बसणारे ते चौकोनी, काळे-पांढरे फोटो. अंगणात रांगेने उभे असलेले आजी-आजोबा, काका-काकू, पुढे मांडी घालून बसलेली मुले आणि या सगळ्यांचे एकसारखे बारीक झालेले डोळे. कोणीच नीट हसत नाही, कारण सकाळचे ऊन सगळ्यांच्या थेट तोंडावर आले आहे. त्यात फोटो काढणाऱ्या मामांचा काही दोष नव्हता. सूर्य कॅमेरावाल्याच्या पाठीशी आणि ऊन समोरच्याच्या तोंडावर, हा त्या काळचा पहिला धडा होता. तो सगळ्यांनी इमानाने पाळला.

कर्नाटकातल्या म्हैसूर जिल्ह्यात, पिरियापट्टणच्या आसपास जंगलाच्या कडेने कॅमेरा घेऊन हिंडणारी हौशी माणसे मात्र हाच धडा मोडण्यासाठी अंधारात उठतात. त्यांना सूर्य हवा असतो तो जनावराच्या पाठीशी. सूर्य असा मागे असला की जनावराचे अंग काळोखात जाते आणि कानाची, पाठीची, सोंडेची कड तेवढी उजळते. काळ्या चंद्रकळेला जरीचा काठ असावा तसा हत्ती दिसू लागतो. कॅमेऱ्याच्या भाषेत या उजळलेल्या कडेला ‘रिम लाइट’ म्हणतात. वन्यजीवांच्या छायाचित्रणात हा प्रकार फार लोकप्रिय आहे, दिसायला देखणा आहे आणि जमायला अवघड आहे. शिवाय त्यात एक छोटासा धोकाही आहे. तो कॅमेऱ्याला नसतो, खरेपणाला असतो.

थोरले गाव आणि सापांचा ओढा

म्हैसूरहून मडिकेरीला निघाले की हुणसूर मागे टाकल्यावर पिरियापट्टण लागते. म्हैसूरपासूनचे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. जुन्या कन्नडमध्ये ‘पिरिय’ म्हणजे थोरले, मोठे. तालुका शेतीचा. नाचणी, मका, आले आणि मुख्य म्हणजे सिगारेटच्या कामाचा व्हर्जिनिया तंबाखू. पाने भाजून वाळवण्याच्या उंच भट्ट्या शेताशेतांतून उभ्या दिसतात. तिबेटी निर्वासितांची बैलकुप्पे ही वसाहत याच तालुक्यात आहे. १९६० नंतर तिथे आलेल्या पहिल्या कुटुंबांनी झाडी तोडून शेती सुरू केली, तेव्हा थंडीवाऱ्याइतकीच भीती त्यांना रानटी हत्तींची होती.

तालुक्याची एक बाजू नागरहोळेच्या जंगलाला भिडते. ‘नागर’ म्हणजे साप आणि ‘होळे’ म्हणजे ओढा किंवा नदी. सापासारखी वळणे घेत जाणाऱ्या ओढ्यावरून जंगलाला हे नाव पडले. १९५५ साली अभयारण्य झालेले हे जंगल पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्पात आले. क्षेत्रफळ सुमारे ६४३ चौरस किलोमीटर. दक्षिणेला कबिनी धरणाचे पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, काठावर कोवळे गवत उगवते आणि हत्तींचे कळप तिथे गोळा होतात. २०२३ च्या गणनेत एकट्या कर्नाटकात ६,३९५ हत्ती असल्याचा अंदाज निघाला होता. हत्तीच्या फोटोसाठी इतकी चांगली जागा देशात क्वचितच सापडेल.

इथला उजेडही वेगळा असतो. थंडीत पहाटे धुके असते. फेब्रुवारीनंतर पानगळ होते, रस्त्यांवर तांबूस धूळ साचते आणि हत्ती ती सोंडेने अंगावर उडवून घेतात. धुके आणि धूळ या दोन्ही गोष्टी मागून येणाऱ्या उजेडात पेटल्यासारख्या दिसतात. कारण सोपे आहे. कौलातून कवडसा पडला की त्यातले धुळीचे कण नाचताना दिसतात. तेच कण उजेडाकडे पाठ करून पाहिले तर जवळजवळ दिसत नाहीत. इतके बारीक कण आपल्यावर पडलेला बराचसा उजेड पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून उजेडाच्या समोर उभे राहणाऱ्यालाच ते चमकताना दिसतात.

केसांची किमया

जनावराची कड का उजळते, याचे उत्तरही असेच आहे. केस किंवा पीस पूर्ण अपारदर्शक नसते. मागून आलेला उजेड त्यातून थोडा आरपार येतो, थोडा त्याच्या कडेला घासून पुढे सरकतो. शिवाय कोणत्याही पृष्ठभागावर उजेड जितका निसटता पडेल, तितका तो जास्त परावर्तित होतो. संध्याकाळी सूर्याच्या दिशेने गाडी चालवताना साधा डांबरी रस्ता आरशासारखा डोळ्यांवर येतो, तो यामुळेच.

म्हणूनच ज्या जनावराच्या अंगावर लांब किंवा विरळ केस असतात, त्याची कड जास्त खुलते. वानराच्या चेहऱ्याभोवतीचे केस, अस्वलाची झुलपे, सांबराच्या मानेवरची आयाळ, वाघाच्या मिशा, मोराचा तुरा हे सगळे मागच्या उजेडात सुंदर दिसते. चितळाची शिंगे नवी फुटत असताना त्यांवर मखमलीसारखी लव असते. त्या दिवसांत शिंगांना दुहेरी रेघ आल्यासारखी दिसते. गव्याचे अंग तुळतुळीत, म्हणून त्याची कड बारीक, पण चकचकीत येते. मोठ्या हत्तीला केस कमी असतात. त्याच्या पाठीवर, डोक्यावर आणि शेपटीला असतात तेवढेच. हत्तीच्या पिलाच्या डोक्यावर मात्र चांगले दाट, राठ केस असतात. आईच्या सावलीतून पिलू पुढे आले आणि सूर्य मागे असला, की त्याच्या डोक्याभोवती तांबूस वलय दिसते. असा एक फोटो मिळवण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे त्याच त्या जंगलात जातात.

पाऊण तासाचा खेळ

या प्रकाराला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सूर्य खाली हवा, जनावर सूर्य आणि कॅमेरा यांच्या मधोमध हवे आणि जनावराच्या मागे काळोख हवा.

पहिली गोष्ट घड्याळाची. पिरियापट्टण विषुववृत्तापासून फक्त बारा अंशांवर आहे. इथे सूर्य तिरका न चढता बराचसा सरळ वर जातो. जानेवारीत क्षितिजापासून दहा अंश वर यायला त्याला जेमतेम पाऊण तास लागतो. युरोपातल्या हिवाळ्यात असा कोवळा उजेड तासन् तास टिकतो. तिथल्या पुस्तकांत वाचलेला निवांतपणा आपल्याकडे चालत नाही. सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा पाऊण तास, एवढ्यात जे होईल ते.

दुसरी गोष्ट कोनाची. सूर्य नेमका जनावराच्या मागे असला तर चौकटीत तोच घुसतो आणि फोटोवर पांढरट पडदा येतो. म्हणून तो किंचित बाजूला आणि चौकटीच्या बाहेर असावा लागतो. लेन्सला टोपण, म्हणजे हूड, लावणे आवश्यक. तेही पुरले नाही तर हाताच्या पंजाने किंवा टोपीने लेन्सवर सावली धरायची. एक काळजी मात्र न विसरता घ्यावी. जुन्या पद्धतीच्या, आरशाच्या कॅमेऱ्यातून मोठी लेन्स लावून थेट सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगाने कागद जळतो, तसेच डोळ्याचे होते.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची आणि नवशिके इथेच फसतात. जनावराच्या मागे उजळ आकाश असले तर कड दिसतच नाही, नुसती काळी आकृती उरते. मागे सावलीतली झाडी, बांबूचे बेट किंवा टेकडीचा न उजळलेला उतार हवा. काळ्या कापडावरच जर उठून दिसते. जाणकार छायाचित्रकार आधी जनावर शोधत नाही, आधी काळोख शोधतो. मग त्या काळोखासमोर जनावर येण्याची वाट पाहतो.

आता कॅमेरा. तो समोरचा अंधार पाहून घाबरतो आणि फोटो उजळ करायला जातो. त्यामुळे काळा हत्ती करडा होतो आणि सोनेरी कड पांढरीफटक पडते. त्याला आवरण्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम एक ते दोन पायऱ्यांनी कमी करायचे. पांढरीफटक पडलेली जागा पुन्हा भरून येत नाही, कारण तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलेच नसते. अंधारातून मात्र पुष्कळ काही वर काढता येते. म्हणून सांभाळायचा तो उजेड. रंगाचे संतुलन ‘ऑटो’वर सोडू नये. सकाळचा पिवळेपणा हा दोष समजून कॅमेरा तो धुऊन टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवले की सोन्याचे सोने राहते. हलत्या जनावराला सेकंदाचा हजारावा भाग हा वेग बरा. फोकस काळ्या अंगावर अडखळतो, तेव्हा तो उजळलेल्या कडेवर, शक्यतो डोळ्याजवळच्या कडेवर धरायचा.

मोबाइलवरही हे करता येते. पडद्यावर जनावराच्या कडेवर बोट टेकवावे आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढावी. चित्र काळोखात जाते आणि कड उरते.

संडूरचे घोरपडे

या उजेडाचे वेड कर्नाटकात आजचे नाही, आणि त्यातले एक ठळक नाव मराठी वाचकाला आपले वाटावे असे आहे. बळ्ळारी भागातले संडूर हे घोरपडे घराण्याचे छोटेसे संस्थान. मराठ्यांच्या इतिहासात गाजलेले हेच ते घराणे. त्यातले मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचा जन्म १९३१ चा. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून ते राजकारणात आले. १९७२ ते १९७७ या काळात, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, ते कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि पुढे ग्रामविकास आणि पंचायत राज खातेही त्यांनी सांभाळले. हा माणूस अंदाजपत्रकातून वेळ काढून कॅमेरा घेऊन जंगलात जात असे.

घोरपडे यांचे नाव झाले ते मुख्यतः काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांमुळे. त्यांचे पुस्तक १९८३ साली निघाले आणि त्याचे नावच होते ‘सनलाइट अँड शॅडोज’, म्हणजे ऊन आणि सावल्या. रंग नसले की छायाचित्रकाराच्या हातात दोनच गोष्टी उरतात, उजेड आणि अंधार. त्या दोहोंवर हत्ती उभा करायचा म्हणजे उजेड कुठून येतो आहे याला विलक्षण महत्त्व येते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. जंगल म्हणजे शिकार, असे समीकरण पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या राजघराण्यांपैकी एकातल्या माणसाने बंदूक नव्हे, तर कॅमेरा हाती घेऊन नाव कमावले, ही गोष्ट त्यांच्या मंत्रिपदापेक्षा कमी मोलाची नाही.

त्या काळातल्या अडचणी आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाहीत. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. काय आले ते रोल धुतल्यावर कळणार. मागून येणाऱ्या उजेडात अंदाज चुकला की रोलच्या पैशांसोबत सहलही वाया. आज कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो लगेच दिसतो, चुकला तर पुसता येतो. पण सूर्य अजूनही पाऊण तासच देतो.

टेबलावरची मशागत

रोलच्या काळात फोटो काढून काम संपत नसे. अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, मोठे करण्याच्या यंत्राखाली कागद ठेवला जाई. ज्या भागात काळे जास्त होत असेल तिथे हाताची किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली धरायची, आणि जिथे तपशील उमटत नसेल तिथे उजेड थोडा जास्त वेळ पाडायचा. हातांच्या या हालचालींवर माणसाची पारख होई.

आज तीच मशागत संगणकावर होते. कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाइल ठेवली असेल तर हाताशी भरपूर माल असतो. ती फाइल लाइटरूमसारख्या प्रणालीत उघडली की कामाचा क्रम साधारण असा असतो.

आधी चौकट. क्षितिज तिरके असेल तर सरळ करायचे, कडेला आलेली अर्धवट फांदी कापायची. मग काळा बिंदू. काळोख करडा दिसत असेल तर तो काळा करायचा, पण इतकाही नाही की हत्तीचे पोट आणि मागचे झाड एकच होऊन जाईल. मग उजेडाची टोके. कड फार तळपत असेल तर ‘हायलाइट्स’ खाली आणायचे, म्हणजे एकेक केस वेगळा होतो. धुक्याने किंवा उन्हाच्या पडद्याने चित्र फिकट झाले असेल तर ‘डिहेझ’ हलकेच वापरायचे. जास्त वापरले की धुकेच जाते, आणि धुक्यासाठीच तर पहाटे उठलो होतो! त्यानंतर स्थानिक काम. डोळ्यात एक ठिपका चमकत असेल तर तो किंचित उजळायचा. अंधारातून वर काढलेल्या भागात दाणे दिसतात, ते कमी करायचे. कॅमेऱ्यातल्या धुळीचा डाग पुसायचा. धारदारपणा शेवटी आणि तोही कडेपुरता.

एवढे झाले की उठून चहा घ्यावा. हा सल्ला गमतीचा नाही. तासभर त्याच चित्राकडे पाहिले की डोळा त्या भडकपणाला सरावतो. परतून पाहिले की कड जरीची दिसते की बेगडाची, ते लगेच कळते.

रेघ कुठे मारायची?

इथवर सगळे सरळ आहे. अवघड प्रश्न याच्या पुढे सुरू होतो.

आज संगणकाला सांगितले तर तो दुपारी बाराच्या उन्हातल्या हत्तीलाही सोनेरी कड लावून देतो. इतकेच काय, हत्ती नसतानाही हत्ती काढून देतो. घरच्या फोनवर आलेल्या एखाद्या अप्रतिम फोटोखाली आपण वाहवा लिहितो, तेव्हा तो वाघ कधी जन्मलाच नव्हता अशी शक्यता आता असते.

लबाडी संगणकाबरोबर आली असेही नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा जगात सर्वांत मानाची समजली जाते. तिथे २००९ मध्ये रात्री कुंपणाच्या फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिला मान मिळाला. पुढच्या जानेवारीत तो काढून घेण्यात आला, कारण तो लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा, असे परीक्षकांचे मत झाले. २०१७ मध्ये चकाकत्या वारुळाजवळ आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला त्याच स्पर्धेतल्या एका गटाचे बक्षीस मिळाले. २०१८ मध्ये तेही रद्द झाले. ते जनावर पेंढा भरलेले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. बक्षिसे मात्र गेली ती गेलीच.

अशा स्पर्धांचे नियम आता बरेच स्पष्ट आहेत. उजेड-अंधार कमी-जास्त करणे, रंग मूळ दृश्याशी जुळवणे, चौकट कापणे, कॅमेऱ्यातल्या धुळीचे डाग पुसणे चालते. दृश्यात नसलेले काही घालणे किंवा असलेले काही पुसणे चालत नाही. शंका आली तर मूळ रॉ फाइल मागतात.

नियम स्वच्छ आहे. पण कडेच्या उजेडाचा फोटो या नियमाला एक वेगळाच पेच घालतो. हा प्रकार मुळातच लपवणारा आहे. त्यात कड दिसते आणि बाकीचे अंधारात जाते. मग अंधारात काय काय गेले, हे पाहणाऱ्याला कसे कळणार?

नागरहोळेतच याचे उलट टोक पाहायला मिळते. डॉ. उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात इथे आपोआप चालणारे कॅमेरे लावून वाघ मोजण्याची पद्धत विकसित केली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे. ते फोटो समोरून फ्लॅश मारलेले, सपाट, कोणी भिंतीवर लावणार नाही असे. पण त्यांत पट्टा आणि पट्टा दिसतो, आणि हा वाघ गेल्या वर्षीचाच का, ते सांगता येते. सोनेरी कडेचा वाघ सुंदर असतो, पण तो कोणता वाघ, हे तो फोटो बहुधा सांगत नाही. एक फोटो वाघाची ओळख देतो, दुसरा वाघाची भूल घालतो. दोन्ही हवेत. फक्त दुसऱ्याला पहिला समजू नये.

अंधारात काय गेले?

पिरियापट्टणला हा पेच केवळ कलेचा राहत नाही.

संध्याकाळी जंगलाच्या कडेला सोनेरी काठाचा दिसलेला हत्ती अंधार पडला की बाहेर येतो. त्याला मका हवा असतो, नाचणी हवी असते, केळी आणि फणस हवे असतात. मधला तंबाखू तो बहुधा खात नाही, पण पायाखाली तुडवतो. शेतकरी मचाणावर जागत असतो. त्यालाही हत्तीची कडच दिसते, चांदण्यातली किंवा बॅटरीच्या उजेडातली. त्या कडेवरून हत्ती किती, कुठल्या दिशेने निघालेत, हे त्याला ओळखावे लागते. चुकला तर पीक जाते, कधी जीवही जातो.

म्हणून जंगल आणि शेत यांच्यामध्ये वनखात्याने खंदक खणले, विजेच्या सौम्य झटक्याच्या तारा ओढल्या आणि अलीकडच्या वर्षांत रेल्वेचे जुने रूळ रोवून भक्कम कुंपण घातले. त्यानेही प्रश्न संपला नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागरहोळेच्या कडेला असे रुळांचे कुंपण ओलांडताना एक हत्ती त्यावर अडकून मेला. त्याचा फोटो देशभर छापून आला. त्या फोटोला सोनेरी किनार नव्हती. कुंपण मात्र स्पष्ट होते, आणि तो फोटो पाहून माणसे हळहळली ती त्या कुंपणामुळेच.

शेतकऱ्याच्या बाजूचे दुःख तेवढेच खरे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात म्हैसूर जिल्ह्यात जंगलालगतच्या गावांत वाघांच्या हल्ल्यात माणसे मेली, तेव्हा लोकांच्या संतापाची दखल घेऊन कर्नाटक सरकारने बंदीपूर आणि नागरहोळेतल्या सफारी थांबवण्याचा आदेश दिला. जंगलातल्या पाहुण्यांच्या गाड्या आणि वेशीवरचे मृत्यू यांचा संबंध किती, यावर वाद होऊ शकतो. पण गावकऱ्याच्या मनात तो संबंध आहे, हे नाकारता येणार नाही.

आता समजा, अशा जागी एखाद्याला मनासारखा हत्ती मिळाला. सूर्य मागे, धूळ उडालेली, कड लखलखीत. फक्त डाव्या कोपऱ्यात रुळांच्या कुंपणाचा खांब आला आहे. घरी आल्यावर संगणकावर तो खांब पुसायला एक क्षण लागतो. खांब गेला की फोटो घनदाट अरण्यातला होतो. कोणाचेच नुकसान झाले नाही, असे वाटते.

पण खांबाबरोबर बरेच काही पुसले गेलेले असते. पलीकडचे शेत जाते, मचाण जाते, रात्रभर जागणारा माणूस जातो. शहरात बसून फोटो पाहणाऱ्याला वाटते की हत्तीला राहायला अफाट रान आहे, मग हे शेतकरी उगाच का ओरडतात? किंवा उलट, इतके रान असताना हत्ती शेतात का शिरतो? दोन्ही प्रश्न त्या पुसलेल्या खांबापाशी जन्माला येतात.

यावर काही जुन्याजाणत्यांचा उपाय साधा आहे. ऊन कमी असताना कॅमेऱ्याने जे अंधारात टाकले ते अंधारात राहू द्यावे, ती त्या क्षणाची खरी स्थिती होती. जे उजेडात आले ते पुसू नये. नको असेल तर चौकट कापावी, जागा बदलावी किंवा पुन्हा यावे. आणि फोटोखालची ओळ प्रामाणिकपणे लिहावी. ‘जंगलचा राजा’ याऐवजी ‘पिरियापट्टण तालुका, जंगलाची हद्द, संध्याकाळ’ एवढे लिहिले तरी पाहणाऱ्याला अंधारात काय असेल याचा अंदाज येतो.

कोनासाठी घाई नको

दुसरा मोह जंगलातच होतो. सूर्य जनावराच्या मागे आणायचा तर गाडी सावलीच्या बाजूला न्यावी लागते. हौशी पाहुणे ड्रायव्हरच्या मागे लागतात, ‘थोडी पुढे घ्या, थोडी वळवा.’ वळवता वळवता गाडी हत्तीच्या वाटेत आडवी येते. कळपात पिलू असेल तर कळपातल्या हत्तिणी ते खपवून घेत नाहीत. कान ताठ झाले, सोंड वळली, पायाने माती उकरली की निघायचे. हत्तीने उडवलेल्या धुळीचा फोटो सुंदर येतो. पण ती धूळ त्याने आपल्यावर चिडून उडवलेली असेल, तर तो फोटो हत्तीच्या मर्जीविरुद्ध घेतलेला असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातल्या जनावराला छेडणे, चिडवणे हा गुन्हा ठरवला आहे. गाडीतून उतरणे, आवाज करणे, रात्री झोत टाकणे या गोष्टींना सफारीत मनाई असते. हायवेवर हत्ती दिसला म्हणून गाडी थांबवून खाली उतरणे हा तर शुद्ध वेडेपणा. सफारी सुरू आहे का, वेळा काय आहेत, याची वनखात्याकडे आधी चौकशी करूनच निघावे.

सुरुवात दारातून

हे सगळे शिकायला पिरियापट्टणपर्यंत जायलाच हवे असे नाही. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीत मांजर बसले असेल तर खोलीतला दिवा मालवावा, एक्स्पोजर दोन पायऱ्या खाली आणावे आणि मांजराच्या मिशा पाहाव्यात. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी येतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा माळावर फिरतात, ताडोबात उन्हाळ्याची धूळ असते. गावाकडे घर असेल तर आणखी सोपे. गुरे घरी परतण्याच्या वेळेला आपल्याकडे गोरज म्हणतात, ती वेळ लग्नालाही शुभ मानतात. गाईंच्या खुरांची धूळ, मागे बुडता सूर्य आणि समोर काळोखात चाललेला बांध, याहून चांगली शाळा कोणती?

तिथे एक प्रयोग जरूर करावा. गुरांमागून येणाऱ्या गुराख्याला चौकटीत राहू द्यावे. त्याच्याही खांद्यावर, पागोट्यावर तीच सोनेरी कड येते. घरी आल्यावर त्याला पुसायचा मोह होत नाही, कारण तो ओळखीचा असतो, घरचा असतो. पिरियापट्टणचा शेतकरीही कोणाच्या तरी घरचा आहे.